आधी पोराला विचारा, मग सही करा



आम्ही मुळशीकडची भातवाली माणसे. तुमचा कापूस-ज्वारीचा कोरडवाहू मुलूख वेगळा. पण पोराला शाळेत घालताना आपण सगळेच म्हणतो, "गुरुजी, चामडी सोलली तरी चालेल, पोरगं शिकलं पाहिजे." आम्हीही म्हटले आहे. पोर रडत घरी आले तर "तूच काहीतरी केलं असशील" हेही आमचेच. मग उद्या त्याच्यावर याहून वाईट प्रसंग आला, तर ते कोणत्या तोंडाने सांगेल?

बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये घरी सांगितले. आईबापांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. सफाई कामगाराविरुद्ध अत्याचाराची तक्रार द्यायला गेले, तर गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्यांना ठाण्यात तासन्‌तास बसावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, तेव्हा सरकारला जाग आली. शाळेने पोलिसांना का कळवले नाही, असे उच्च न्यायालयाने विचारले.

आम्ही म्हणतो, खरा प्रश्न हाच. २०१२ चा पोक्सो कायदा स्पष्ट आहे : मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले की पोलिसांना कळवलेच पाहिजे. हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद. "संस्थेचे नाव खराब होईल" ही सबब कायद्यात कुठेच नाही.

छडीचेही तेच. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. त्याच कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक, निम्म्या बायका. म्हणजे आपणच! आणि आपण करतो काय? शिपाई रजिस्टर घेऊन बांधावर येतो, आपण सही ठोकतो.

कपाशीत डोमकळी दिसली की तुम्ही फूल उघडून अळी शोधता. पोर अचानक गप्प झाले, शाळेच्या नावाने पोटदुखी सांगू लागले, तर नुसते दटावून धाडता. बदलापूरनंतर सरकारने कॅमेऱ्यांचा हुकूम काढला. लावा जरूर, पण कॅमेरा पोराला जवळ घेऊन विचारत नाही.

तेव्हा येत्या समितीच्या सभेला बायकांसह जा. तक्रारपेटी कोण उघडतो, कोणासमोर उघडतो, विचारा. शाळेच्या वसतिगृहात पोर असेल तर न कळवता जाऊन भेटा. १०९८ हा मुलांचा फोन नंबर भिंतीवर लिहायला लावा. आणि पुढारी मिटवामिटवीला घरी आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा आणि तडक ठाणे गाठा.