न्हाव्याचं कोडं आणि चवदार तळं

विद्वानांचं एक लाडकं मत आहे. विरोधाभास फक्त भाषेत असतो, वास्तवात कधीच नसतो. दगड दगड असतो, पाणी पाणी असतं, घोळ घालतात ते शब्द. शब्द नीट मांडा, कोडं सुटतं. हे मत मी परिसंवादांत ऐकलंय, पुस्तकांत वाचलंय. ते अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात आपण राहतो, म्हणून हे लिहितोय.

अर्धं खरं कसं ते आधी बघू. बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञाच्या नावावर एक कोडं सांगतात. एका गावात एक न्हावी. जे आपली दाढी आपण करत नाहीत त्या सगळ्यांची, आणि फक्त त्यांचीच, तो दाढी करतो. मग न्हाव्याची दाढी कोण करतो? तो स्वतः करत असेल तर नियमाप्रमाणे करता कामा नये. करत नसेल तर केलीच पाहिजे. उत्तर सोपं आहे: असा न्हावी असूच शकत नाही. वाक्य बोलता येतं, माणूस सापडत नाही. मिटलं.

याच धर्तीची पण खोल अडचण रसेलने १९०२ साली जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेला पत्राने कळवली. फ्रेगेच्या ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा छापखान्यात होता. आयुष्याची मेहनत. गड्याने पत्र दडपलं नाही. १९०३ साली खंड निघाला त्यात परिशिष्ट जोडून पाया हलल्याचं मान्य केलं. तर्कशास्त्राची रीत ही अशी. विसंगती सापडली की नियम सोडायचा.

आता आपल्या गावात या. इथला न्हावी सगळ्या गावाची हजामत करायचा. म्हैससुद्धा भादरायचा. महाराच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. आमच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या डोया केल्या. म्हणजे ‘सगळं गाव’ या शब्दांत महारवाडा नव्हता. पण मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा सांगावा पोचवायचा, तेव्हा तोच महारवाडा गावाचा! गावाचा आहे आणि गावाचा नाही. तर्काच्या वहीत असं गाव बसत नाही. पण ते होतं, आणि पिढ्यान् पिढ्या बिनघोर चाललं. का चाललं? कारण नियमातली विसंगती नियम करणाऱ्याला कधी सोसावी लागली नाही. ती आमच्या आज्या-पणज्यांनी सोसली.

महाडला हे उघड्यावर आलं. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले ठराव झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेने ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर तळं सगळ्यांचं झालं. मुसलमानाला तिथं पाणी भरता येत होतं, आपल्याला ओंजळभरही नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसोबत हजारो माणसं चालत गेली आणि पाणी प्याली. मग डोकी फुटली. तळ्याची शेण-गोमुत्राने शुद्धी झाली. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने काय केलं? आपलाच ठराव मागे घेतला! फ्रेगेने खोटा नियम सोडला, महाडकरांनी खरा सोडला. हायकोर्टात आपल्या बाजूने निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. समजल्यावर जो संपतो तो विरोधाभास शब्दांतला. समजल्यावरही जो छातीवर बसून राहतो तो वास्तवातला. न्हाव्याचं कोडं पेन्सिलीने सुटलं. तळ्याचं कोडं साऱ्या महाडला समजलेलंच होतं. तिथं पायांनी जावं लागलं.

काही कम्युनिस्ट मित्र दुसरं टोक गाठतात. अंतर्विरोध म्हणे सगळ्याच वस्तूंत असतो, पाण्याची वाफ होते त्यातसुद्धा, आणि इतिहास तो सोडवतो. अरे बाबांनो, वाफ होताना पाण्याचा अपमान होत नाही! आपलं कोडं निसर्गाने घातलेलं नाही. ते माणसांनी लिहिलं, स्मृतीत आणि ठरावात. शब्दांतून ते जमिनीवर उतरलं आणि काठीच्या जोरावर टिकलं. लिहिणारे होते, म्हणून जबाबदारही आहेत.

आता कसोटी वापरून बघा. कॉलेजात, हापिसात टोमणा बसतोच: ‘जात मोडायची म्हणता आणि जातीचा दाखला काढता? हा विरोधाभास नाही का?’ नाही. ‘मी जात मानत नाही’ यात मानणारा मी. ‘मला जातीवरून वागवतात’ यात वागवणारे ते. दोन वाक्यं, दोन कर्ते. दाखला हा दुसऱ्या वाक्याचा पुरावा. पेन्सिलीने मिटलं.

खरा विरोधाभास पाहिजे? घ्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठरल्या. १९५६ साली सगळ्या दलित शिखांना त्यात घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपण नागपूरला बौद्ध झालो, आणि केंद्राच्या यादीबाहेर पडलो ते थेट १९९० पर्यंत. गावाने मात्र धर्मांतर ऐकलंच नाही. शिवी तीच राहिली, पाणवठा तोच. कायदा म्हणाला तू तो नव्हेस, गाव म्हणालं तू तोच. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांपुढे हे कोडं आजही उभं आहे.

आणखी एक. माणसाने मैला उपसण्यावर १९९३ साली कायद्याने बंदी आली, २०१३ साली ती कडक झाली. २०२१ साली सरकारने राज्यसभेत सांगितलं की मैला उपसण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारं आणि टाक्या साफ करताना मेलेल्यांचे आकडे त्याच सरकारने संसदेत वेगळ्या मथळ्याखाली दिले होते. मथळा बदलला, प्रेत तेच.

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीला बजावलं होतं: मतपेटीत समान आणि समाजात असमान, अशा विसंगतीच्या जीवनात आपण शिरतो आहोत, ती लवकर संपवा, नाहीतर सोसणारे हा डोलारा उधळतील. हा माणूस कायद्याचा शब्दन् शब्द घासून घेणारा होता. शब्दांचा घोळ आणि माणसांची कोंडी यातला फरक त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तेव्हा यापुढे कुणी म्हणालं, ‘हे सगळं शब्दांचं आहे,’ तर एवढंच विचारा: मग साहेब, त्याचे वळ आमच्याच पाठीवर कसे?

जय भीम.