पत्ता बदलला, घर तेच

मराठीच्या अध्यापकाने संगणकात नाक खुपसू नये, असे आमच्या घरचे मत आहे. पण जव्हार तालुक्यातल्या साखरशेतचा माझा एक जुना विद्यार्थी याच धंद्यात आहे, आणि त्याने सांगितलेली एक गोष्ट मला हिशेबाच्या वहीइतकी समजली. म्हणून हे धाडस.

हल्ली कंपन्या संगणक विकत घेत नाहीत, भाड्याने घेतात. तोही अख्खा नव्हे. एका मोठ्या वाड्यात दहा बिऱ्हाडे असावीत, तशी एका दांडग्या यंत्रात अनेक ‘आभासी यंत्रे’ नांदतात. आपल्याला कसले बिऱ्हाड हवे, म्हणजे स्मरणशक्ती किती, साठवण किती, कोणते दार उघडे, कोणते बंद, हे सगळे एका मजकुरात लिहायचे. हॅशिकॉर्प कंपनीने २०१४ मध्ये आणलेल्या ‘टेराफॉर्म’सारख्या साधनाला तो मजकूर दिला, की ते यंत्र उभे करून देते.

मजकूर म्हटला की नक्कल आलीच. (परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला हे सांगायला नको!) आमच्या शिष्याच्या कंपनीत प्रत्येक नव्या यंत्रासाठी जुना कागद उतरवून घ्यायचे आणि दोन ओळी बदलायचे. पुढे एक दार उघडे ठेवणे धोक्याचे आहे असे ध्यानात आले, तेव्हा प्रत्येक नकलेत तीच दुरुस्ती करणे आले. आणि एक नक्कल राहिलीच.

यावर उपाय मॉड्यूल. गृहिणींना तो ठाऊक आहे. दिवाळीच्या आधी तो माळ्यावरून खाली येतो. सोऱ्या एकच, आतली चकती बदलली की शेव, नाहीतर चकली. सगळ्या यंत्रांना समान असलेला भाग एकदाच लिहायचा. नाव, आकार, गाव एवढेच बाहेरून द्यायचे. दार बंद करायचे तर एकाच जागी करायचे. काही उत्साही मंडळी मात्र प्रत्येक गोष्ट बदलती ठेवतात. ज्याची नळी, दांडा, झाकण सारेच बदलावे लागते, त्याला सोऱ्या कशाला म्हणायचे? ते भांड्यांचे दुकान झाले.

इथवर सोपे. खरी धास्ती पुढेच आहे. आपण कोणते यंत्र कोणत्या नावाने उभे केले, याची टेराफॉर्म एक खातेवही ठेवते. चालू यंत्राचा मजकूर मॉड्यूलमध्ये हलवला, की त्याचा वहीतला पत्ता बदलतो. यंत्र तेच, पण वहीला वाटते, जुने नको झाले, नवे हवे आहे. मग ती बेत सांगते: एक पाडायचे, एक बांधायचे. त्या यंत्रात लोकांची वर्षानुवर्षांची माहिती असली, तर तीही पाडकामात गेली.

शिष्याने इथे आपल्या गावाचाच दाखला दिला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. साखरशेत आदल्या रात्री ठाणे जिल्ह्यात होते, सकाळी पालघरात. गाव तसूभरही हलले नाही. “एखाद्या कारकुनाने ठाण्याच्या यादीतून नाव गेले म्हणून गाव पाडायचा आणि पालघरात नवे बांधायचा हुकूम काढला असता तर, सर?” सरकारी कारकुनाला निदान हसू तरी आले असते. यंत्राला येत नाही.

म्हणून त्याला लिहून सांगावे लागते, की अमुक पत्ता आता तमुक झाला. पूर्वी ही नोंद हुकूम देऊन हाताने फिरवीत. डिसेंबर २०२१ च्या १.१ आवृत्तीपासून ‘मूव्ह्ड’ नावाची चार ओळींची नोंद मजकुरातच करता येते. ती तिथेच राहते, त्यामुळे मागून येणाऱ्या माणसालाही कळते की हे घर पूर्वी कुठल्या पत्त्यावर होते. तरी आमचा शिष्य नुसत्या नोंदीवर विसंबत नाही. बेताचा कागद तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. बांधायची शून्य, पाडायची शून्य, असे दिसल्यावरच होकार देतो. आणि तोही, म्हणे, शुक्रवारी संध्याकाळी कधीच नाही.