बांधावरचा ब्रिक्स आणि माणसाचे रक्त



एकदा मोळी पडली की कुणाला कुणाचे ऐकायला सवड नसते, म्हणून हंगामाआधीच मांडतो. ऊस तोडीला आला का नाही हे पाहायला आपला शेतकी खात्याचा माणूस बांधावर येतो. कांड्यातल्या रसाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर घेतो, डोळ्याला लावतो आणि ब्रिक्स अठरा का वीस ते जागेवरच सांगतो. उसासाठी एवढी सोय आहे. माणसासाठी का नसावी?

आमच्या मंडळींना लहानपणी घसा धरून सांध्यांचा ताप आला, त्यात हृदयाची झडप गेली. पुढे कृत्रिम धातूची झडप बसवली. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफॅरिनची गोळी जन्मभर आहे. गोळी कमी पडली तर झडप अडकते, नाहीतर गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगवायू होतो. जास्त झाली तर रक्तस्राव. मधली वाट दाखवणारा आकडा म्हणजे आयएनआर. निरोगी माणसाचा तो एकच्या आसपास असतो, आमच्या घरी डॉक्टरांनी अडीच ते साडेतीन ठेवायला सांगितलाय. मेथी-पालक एकदम जास्त झाली, मध्येच दुसरे औषध चालू केले, की तो हलतो.

या औषधाचे मूळ शेतकऱ्याच्या गोठ्यातच आहे. १९३३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी भर बर्फात मेलेली कालवड आणि कॅनभर न गोठणारे रक्त घेऊन विद्यापीठात गेला. खराब झालेल्या क्लोव्हरच्या वैरणीने जनावरे दगावत होती. त्या धाग्यावरून वॉरफॅरिन निघाले, आणि आधी विकले गेले ते उंदरांचे विष म्हणून!

तर हा आकडा पाहायला आम्ही एसटीने सोलापूर गाठतो. दिवस मोडतो, रिपोर्ट संध्याकाळी. गेल्या तोडीच्या गडबडीत दोन महिने जाणे झाले नाही. हिरड्यांतून रक्त आले तेव्हा धावपळ केली. चूक माझीच, पण तपासणी गावात असती तर घडली नसती.

तळहाताएवढे यंत्र मिळते. बोट टोचून थेंब पट्टीवर दिला की मिनिटाभरात आयएनआर दिसतो. पट्ट्या स्वस्त नाहीत, मुदतही पाहावी लागते. आकडा फारच चढा आला तर शिरेतले रक्त काढून प्रयोगशाळेत खात्री करावीच लागते, आणि गोळी कमी-जास्त डॉक्टरांनीच करायची. एकेकट्याला यंत्र परवडत नाही, दवाखान्यात एक ठेवले तर सगळ्यांचे भागते. सहकार म्हणतात तो यालाच ना?

सर्पदंशाला मात्र या यंत्रावर विसंबू नये. घोणस, फुरसे चावले तर रक्त गोठायचे थांबते. तिथे साधी, कोरडी, स्वच्छ काचेची नळी लागते. तीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे, मग कलती करून पाहायचे. रक्त पातळच राहिले तर प्रतिविष तातडीने हवे. नळी प्लॅस्टिकची नको, साबणाने धुतलेलीही नको. कोपीत जमिनीवर निजणाऱ्या तोडकऱ्यांसाठी अशा नळ्या ठेवायला खर्च असा कितीसा?

संचालक मंडळाने वार्षिक सभेपुढे हा विषय घ्यावा. आपल्या गटात झडप बसवलेले, ही गोळी चालू असलेले कोणी असतील, तर त्यांनी दवाखान्यात नाव नोंदवावे. आमच्या घरचे नाव पहिले लिहून आलोय.

— एक ऊस उत्पादक सभासद