आठवणींच्या बाजारात विकणारा कोठे आहे?

बालपणीच्या बाजाराच्या आठवणी लिहिण्याची प्रथा मराठी मध्यमवर्गात आता चांगलीच रुजली आहे. लोणावळ्याची बाजारपेठ हा तर त्या लेखनाचा आवडता विषय. घाट चढून आलेली गाडी, फलाटावर चिक्की विकणाऱ्यांच्या आरोळ्या, भिजलेल्या रस्त्याच्या कडेला पाटीत मांडलेली जांभळे आणि आईने हौसेने केलेली घासाघीस. या चित्रात विकणाऱ्याचा माल असतो, त्याचा हिशेब नसतो. ज्या वर्गाने बाजारात केवळ खरेदी केली, त्याची आठवण साऱ्या समाजाची आठवण म्हणून मांडली जाते. आक्षेप आहे तो यालाच.

घासाघिशीचेच उदाहरण घ्यावे. करवंदे, जांभळे, रानभाजी हा नासणारा माल. डोंगरातल्या वाडीवरून पहाटे निघालेल्या कातकरी किंवा ठाकर बाईला तो दिवस मावळण्यापूर्वी विकून परतावे लागते. गिऱ्हाईक थांबू शकते. ती थांबू शकत नाही. पाठ्यपुस्तकात किंमत मागणी-पुरवठ्याने ठरते; रस्त्याच्या कडेला ती विकणारीच्या निकडीने ठरते. गिऱ्हाइकाच्या आठवणीतला तो गोड खेळ तिच्या चुलीशी चाललेला असतो.

भाताची कथा वेगळी नाही. मावळातील कृषी संशोधनातून १९८७ मध्ये आलेल्या इंद्रायणी वाणाने या तालुक्याचे नाव शहरातल्या ताटापर्यंत नेले. पण साठवणुकीची सोय आणि हातात पैसा नसलेला लहान शेतकरी सुगीतच, भाव पडलेला असताना, भात विकतो. पुढे भाव चढतो तेव्हा माल व्यापाऱ्याच्या कोठारात असतो.

आणि ज्यांच्याकडे विकण्यासारखे पीकच उरले नाही, त्यांचे काय? १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, ती लोणावळा परिसरातील तलावांच्या पाण्यावर. शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांना १९२१ मध्ये शेतकऱ्यांसह सत्याग्रह करावा लागला, तो धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी. पुढे पवना धरण आले, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि त्याच्या आगेमागे धनिकांचे बंगले मावळच्या टेकड्यांवर चढले. जमीन गेली की पिकवणारा मजूर होतो, नाहीतर पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसतो. आठवणींच्या लेखात जी ‘गजबज’ असते, तिच्यात या विस्थापनाचाही वाटा आहे.

आठवण ही भावनेची बाब, तिच्यात राजकारण कशाला, असे कोणी म्हणेल. उत्तर सरळ आहे. पाटीवालीच्या आठवणीने गहिवरणारा हाच वर्ग आजच्या पाटीवालीला वाहतुकीचा अडथळा म्हणतो आणि सुशोभीकरणासाठी तिला हटवले की समाधान पावतो. पुण्यात रे मार्केटची इमारत उभी राहत होती, त्या काळात नगरपालिकेचे सभासद असलेल्या महात्मा फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा लोकांच्या शिक्षणाला लागावा, अशी त्यांची भूमिका होती. आज त्याच मंडईला त्यांचे नाव आहे. तिच्या घुमटाचे कौतुक पुष्कळ होते. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र क्वचितच कोणाला आठवतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी या विषयाकडे हळवेपणाने नव्हे, हक्काच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की, सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही पथविक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावेत आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात. परंतु मोसमी माल विकणारी बाई वर्षातले काही आठवडेच बाजारात दिसते. सर्वेक्षण हिवाळ्यात उरकले, तर ती कागदावर येणारच नाही, आणि जी कागदावर नाही तिला कायद्याचे संरक्षण कोण देणार? लोणावळा, तळेगाव, वडगाव येथील कार्यकर्त्यांनी मे-जूनमध्ये स्वतः वाड्यांवर जाऊन अशा विक्रेत्यांच्या याद्या कराव्यात आणि त्या नगरपालिका-नगरपंचायतींपुढे ठेवाव्यात. कामशेतसारख्या बाजारगावी उत्पादकांसाठी राखीव ओटे आणि भातासाठी सहकारी गोदाम मागावे. ही कामे लहान दिसतील. पण दिवस मावळला म्हणून मिळेल त्या भावात पाटी रिकामी करण्याची पाळी त्या बाईवर येऊ नये, यासाठी सुरुवात येथूनच करावी लागेल.