रुग्णाचा हक्क आणि आपला संकोच

जर्मनीत राहणाऱ्या आपल्या बौद्ध कुटुंबांत शस्त्रक्रिया बिघडली वा निदान चुकले, की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. 'डॉक्टरांनी त्यांच्या परीने केले' हे एक, आणि 'परक्या देशात तंटा कशाला?' हे दुसरे. पहिल्यात कृतज्ञता आहे; ती आम्हांस अमान्य नाही. दुसऱ्यात मात्र भय आहे, आणि त्या भयाच्या आडोशाला 'नशिबात होते' हे तिसरे वाक्य दबकत उभे असते. १९५६ साली नागपुरास दीक्षा घेतलेल्या समाजाच्या तोंडी ते शोभत नाही. कारणावाचून कार्य घडत नाही असे आपण मानतो, तर दुःखाचे कारण विचारण्यास आपण का कचरावे?

या भयाला मायदेशातील अनुभवाचा आधार आहे, हे आम्ही जाणतो. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली. त्यानंतर केलेल्या संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेत तिच्या पोटात टॉवेल राहिला. पोट पुन्हा उघडून तो काढला, परंतु ती वाचली नाही. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये देवविले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला, आणि सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनास जबाबदार धरले ते १९९६ साली. न्याय मिळाला खरा. पण तेहतीस वर्षांनी!

जर्मनीतील वाट अगदीच सुलभ आहे असे नव्हे. परंतु २६ फेब्रुवारी २०१३ पासून रुग्णहक्कांचा कायदा येथील नागरी संहितेत समाविष्ट झाला असून, त्यातील दोन गोष्टी प्रत्येक घरी ठाऊक असाव्यात. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी धोके व पर्याय तोंडी, वेळेवर आणि रुग्णास समजेल अशा रीतीने सांगितले पाहिजेत. नुसता छापील कागद सहीसाठी पुढे सरकविणे पुरेसे नाही, आणि सही केलेल्या कागदांच्या प्रती रुग्णास द्याव्याच लागतात. दुसरी गोष्ट, उपचारांची नोंद पाहण्याचा हक्क. तिची पहिली प्रत विनामूल्य मिळते. जर्मनीतीलच एका दंतरुग्णाच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी हे स्पष्ट केले, आणि ती कशासाठी हवी हे सांगण्याचेही बंधन नाही. प्रत मागणे म्हणजे आरोप करणे नव्हे, हे आम्ही मुद्दाम लिहितो. कारण आपली मंडळी येथेच अडतात.

हा कागद इतका मोलाचा का, हे समजण्यास महाडकडे वळावे लागेल. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी स्मरतो, त्याच तळ्याचा दावा मात्र सहसा कोणी आठवत नाही. १९२७ साली सुरू झालेला तो दावा बाबासाहेब १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात जिंकले. आपल्याला मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. सिद्ध कोणी करावयाचे, या प्रश्नातच पुष्कळ दाव्यांचा निकाल दडलेला असतो.

येथेही सर्वसाधारण नियम रुग्णास जडच आहे: चूक झाली, इजा झाली आणि त्या चुकीमुळेच इजा झाली, हे त्यानेच दाखवावयाचे. वाईट परिणाम म्हणजे चूकच, असे कायदा मानीत नाही, आणि आपणही मानू नये. परंतु महत्त्वाची कृती नोंदीत नसेल, तर ती केलीच नाही असे गृहीत धरले जाते. संमती रीतसर घेतली होती, हे डॉक्टरांनी सिद्ध करावयाचे. चूक ढोबळ ठरली, तर तिनेच इजा झाली नाही हे दाखविण्याचे ओझे त्यांच्यावर येते. औरंगाबादच्या टॉवेलासारखी जी गोष्ट सर्वस्वी रुग्णालयाच्याच ताब्यात असते, तेथे तर चूकच गृहीत धरली जाते.

निवासपरवान्याची धास्ती निराधार आहे. हा दावा दिवाणी असून भरपाई बहुधा डॉक्टरांची विमा कंपनी देते. खर्चाची धास्ती तेवढी खरी. दावा हरल्यास प्रतिपक्षाचाही खर्च भरावा लागतो. म्हणूनच प्रथम वकिलाकडे न धावता आपल्या क्रांकेनकासेकडे जावे. सरकारी विम्याची कासे तज्ज्ञाचा अभिप्राय मिळवून देते आणि त्याचे पैसे पडत नाहीत. डॉक्टरांच्या मंडळाची, म्हणजे एर्त्सटेकामरची, तडजोड समितीही रुग्णाकडून शुल्क घेत नाही. मात्र तेथे सहसा दोन्ही पक्षांची तयारी लागते. अल्प उत्पन्न असल्यास कायदेशीर सल्ल्यासाठी आम्ट्सगेरिष्टकडे साहाय्य मागता येते. मुदत सामान्यतः तीन वर्षांची. चूक २०२४ च्या एप्रिलात उमगली असेल, तर ती २०२७ च्या अखेरीस संपते.

एक शल्य मात्र कायद्याने सुटत नाही. दुभाष्याचा खर्च बहुधा रुग्णावरच पडतो, म्हणून आपल्या घरांतून दहा-बारा वर्षांची मुले आईच्या खाटेशी उभी राहून गर्भाशय, भूल, मृत्यूचा धोका अशा शब्दांचे भाषांतर करतात. जे त्यांना कळत नाही ते गाळतात. जे कळते ते आईला सांगवत नाही. मग त्या आईला काय समजले आणि तिने सही कशावर केली? प्रत्येक शहरात मराठी व जर्मन दोन्ही जाणणाऱ्या चार प्रौढांची तरी यादी असावी, आणि हाक येताच त्यांतील एकाने रुग्णालयात जावे. येत्या बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात ही यादी करावयास घ्यावी. आमचे नाव तिच्यात पहिले लिहावे.