अळिंबी ताटात, गोळी वेळेवर

परवा भिशीला शेजारच्या काकूंनी पर्समधून एक डबी काढली. ‘औषधी अळिंबीची पावडर गं. आता शुगरची गोळी बंद!’ माझ्या पोटात धस्स झालं.

मी स्वतः तीन वर्षं मागच्या खोलीत धिंगरी अळिंबी लावते. अवघड काही नाही. गव्हाचं काड भिजवून गरम पाण्यातून काढायचं, निथळून पिशवीत थरावर थर देत बियाणं पेरायचं. पंधरा-वीस दिवसांत काड पांढरंशुभ्र होतं, महिन्याभरात पहिली तोडणी. बीजाणूंनी खोकला येतो, म्हणून तोंडाला रुमाल बांधते. भाजी झकास होते. पण ती भाजीच, औषध नव्हे.

काकूंच्या डबीत होती गॅनोडर्मा, म्हणजे रेशी. ही लाकडाच्या भुशावर वाढते, कडू आणि टणक असते. चीन-जपानमध्ये तिला शतकानुशतकं मान आहे, हे खरं. पण २०१५ साली कोक्रेन संस्थेने झालेल्या चाचण्या तपासल्या, तेव्हा टाइप २ मधुमेहात तिचा उपयोग होतो असा पुरावा मिळाला नाही. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर ती धोक्याचीही ठरू शकते.

मैत्रिणींनो, घरी अळिंबी जरूर लावा, चार पैसेही मिळवा. पण विकताना ‘रोग बरा होतो’ असं सांगू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. आपल्या दुखण्याकडे आपण तशाही उशिरा बघतो. त्यात ही भर कशाला?

काकूंना मी धिंगरीची जुडी दिली. गोळी त्यांनी माझ्यासमोरच घेतली.