‘अगं, चिवडा कुठंय?’

रात्री साडेआठला ऑफिसातून घरी. पोटात कावळे कोकलतायत आणि हात थेट बिस्किटांच्या पुड्याकडे! दोघंही नोकरी करतात त्या घरात हे रोजचंच. यावर सिम्पल फंडा : रविवारचा एक तास.

दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, गार झाले की सालं काढा. वाटीभर चिरलेला गूळ, वेलचीपूड घालून मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. दाण्यांना तेल सुटतं, त्यामुळे तुपाशिवायही लाडू वळता येतात. जोडीला पातळ पोह्यांचा चिवडा. तो पूर्ण गार झाल्यावरच भरा. डब्यात वाफ धरली की मऊ पडलाच म्हणून समजा.

खरी मेख पुढेच आहे. स्टीलचे डबे सगळे सारखे, म्हणून वरची हाक रोज एकीलाच! तेव्हा खाऊ पारदर्शक बरण्यांत, मुलांचा हात पोचेल अशा फळीवर ठेवा. नाव, तारीख चिकटवा. जो बरणी संपवेल त्यानंच फ्रिजवरच्या यादीत लिहायचं. स्वयंपाकघराचा नकाशा फक्त आईच्या डोक्यात असेल, तर तिला सुट्टी मिळणार कधी?